गाळलेलं नाव

भोर, १२ नोव्हेंबर २०२४

चिमाजीभाऊंना नुजहतचा सलाम.

अक्षर ओळखलंत का? एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातली मी, मुजफ्फरची बायको. तुम्ही टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन हिर्डोशीला गेलात त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकदाही खबर घेतली नाही आणि आज काम पडलं तर कागद घेऊन बसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव कोण ते मी लिहीत नाही.

फोनच करणार होते. पण बंडू कंडक्टर म्हणाला, "सायबास्नी फोन करू नका भाभी. तितं रेंज न्हाई, आन आली तरी त्ये निस्तं 'आं? आं?' करत्यात. चिठ्ठी द्या, म्या नेतो." म्हणून हे पत्र मुक्कामी गाडीने येतंय.

काम असं आहे. मुजफ्फर गेल्यावर तुम्ही आणि माझ्या लेकीने, गुलफशाने मिळून दुकानामागच्या खोलीत टेबलाखाली जे लिनक्सचं मशीन बसवलं, ते रुसलंय. दुकानातले दोन्ही कॉम्प्युटर त्यालाच जोडलेले आहेत. बावीस वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच्या पोटात आहेत. परवापासून काही ठेवायला गेलं की म्हणतं, जागा नाही. काल गुंजवण्याचे गेनबा येऊन बसले, "थोरल्याच्या पत्रिकेवानी धाकट्याची करा, निस्तं नाव बदला." थोरल्याची पत्रिका उघडते, पण धाकट्याचं नाव घालून ठेवता येत नाही.

एका माणसाला बोलावलं होतं. तो म्हणाला सगळं पुसून नवीन टाकतो. त्याला चहा पाजून वाटेला लावला.

मंगलवहिनींना सलाम सांगा.

नुजहत


हिर्डोशी, १४ नोव्हेंबर

नुजहतभाभी यांस गाढवाचा नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला. तीन वेळा वाचलं, कारण दुसरं वाचायला काही नव्हतं. कान गेलेत हे खरं आहे. तीस वर्षं हेडफोन लावून लोकांच्या लाइनी तपासल्या, त्याची ही पेन्शन. गुडघाही साथ देत नाही आणि म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नाही, त्यामुळे मी येणं अवघड. पण तुमचं मशीन कागदावरून दुरुस्त होईल. एक्स्चेंजमधलं बिलाचं मशीन याच जातीचं होतं, युनिक्सचं. ही जात खोटं बोलत नाही आणि गोडही बोलत नाही. जे विचारावं तेवढंच सांगते.

काळ्या पडद्यावर हे लिहा:

df -h

df लिहून एक घर मोकळं सोडायचं, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून h. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं कागदावर उतरवून पाठवा. एक अक्षर गाळायचं नाही, आपल्या मनाने एक घालायचं नाही.

आणि हे काम गुलफशा चुटकीसरशी करेल की. पोरगी कॉलेजात असताना माझ्या टेबलाशी बसून शिकली आणि वर्षभरात माझ्या पुढे गेली. तिला का नाही विचारत? कशी आहे ती?

मंगलला तुमचा सलाम सांगितला.

चिमाजी


भोर, १७ नोव्हेंबर

चिमाजीभाऊ,

उत्तर वेगळ्या कागदावर उतरवून जोडलंय. मला कळलं ते एवढंच की पहिल्या ओळीत वीस जीबीपैकी वीस भरलेत, शंभर टक्के. आणि /home असं लिहिलेल्या मोठ्या डिस्कमध्ये निम्म्याहून जास्त जागा मोकळी आहे. म्हणजे घर रिकामं आणि उंबऱ्यावर दाटी. पत्रिका मोठ्या डिस्कवर असूनही का अडतात?

गुलफशा बरी आहे. कामात असते, तिला कशाला त्रास. मशीन मी एकटीच वापरते.

आणि एक विचारू? एका पत्रात एकच कमांड का? बंडू म्हणाला, "भाभी, ह्या दोगांच्या पत्रांचं आता हाफ तिकीट काढावं लागंल."

मंगलवहिनींना सलाम.

नुजहत


हिर्डोशी, १९ नोव्हेंबर

नुजहतभाभी,

घाई केली की मशीन बिघडतं, म्हणून एकच. तरी या वेळी दोन देतो.

पत्रिका मोठ्या डिस्कवर आहेत, पण मशीनचा स्वतःचा कारभार त्या वीस जीबीत चालतो. तिथं श्वास घ्यायला जागा नसली की सगळंच अडतं. माझा संशय नोंदींवर आहे. मशीन रोजनिशी लिहितं, कोण आलं, कोण गेलं. जुनी पानं आपोआप फाडायची सोय असते, ती तुमच्याकडे बंद राहिलेली दिसते.

sudo du -ah /var/log | sort -h | tail -3

याने सगळ्यात जाडी वही कुठली ते कळेल. ती auth.log निघाली तर तिच्या शेवटच्या पाच ओळी अशा बघा:

sudo tail -5 /var/log/auth.log

पाची ओळी उतरवून पाठवा.

इकडे भात झोडून झालं. यंदा कणगी मोठी आणि खाणारी तोंडं थोडी, अशी गत आहे. पुण्याहून आमचा गोरख ये ये म्हणतो. त्याच्या सोसायटीत म्हैस चालत नाही.

मंगल बरी आहे.

चिमाजी


भोर, २३ नोव्हेंबर

चिमाजीभाऊ,

तुमचा संशय बरोबर. auth.log, चौदा जीबी.

शेवटच्या पाची ओळी सारख्याच आहेत, फक्त वेळ दोन-दोन सेकंदांनी पुढे. एकच उतरवते, मशीनचा नंबर वगैरे सोडून:

Nov 22 16:10:07 Invalid user ........ from

पुढे कुठलातरी पत्ता, नुसते आकडे. नाव नीट वाचता आलं नाही. चष्मा बदलायला झालाय. रोज हेच चालू दिसतंय, बाहेरून कुणीतरी आत यायला बघतं आणि मशीन नको म्हणतं.

काय करायचं ते सांगा. गेनबा रोज दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात.

नुजहत


हिर्डोशी, २५ नोव्हेंबर

नुजहतभाभी,

एक अक्षर गाळू नका म्हटलं होतं. असो.

हे चोर आहेत. घाबरू नका, हे माणसंही नसतात, जगभर कुठंतरी मशीनं लावून ठेवलेली असतात आणि ती दिसेल त्या दाराच्या कड्या वाजवत फिरतात. रमेश, सुरेश, जे नाव सुचेल ते टाकून बघतात. तुमच्या मशीनवर खाती दोनच, तुमचं आणि गुलफशाचं. बाकी कुठलंही नाव आलं की मशीन ओळखत नाही म्हणतं आणि वहीत लिहून ठेवतं. लिहून लिहून वही फुगली.

तुम्हाला बाहेरून आत यायची गरजच नाही. दार बंद करा, मग वही कोरी करा:

sudo systemctl disable --now ssh
sudo truncate -s 0 /var/log/auth.log

झालं की मशीन बंद करून पुन्हा चालू करा. गेनबांना पायरीवरून उठवा.

काम संपलं म्हणून पत्रं थांबवू नका.

चिमाजी


भोर, २८ नोव्हेंबर

चिमाजीभाऊ,

दोन्ही केलं. जागा झाली. गेनबांच्या धाकट्याची पत्रिका छापून दिली. आभार.

नुजहत


भोर, ६ डिसेंबर

चिमाजीभाऊ,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. आठ दिवस मशीन नीट चाललंय. मला घास गोड लागत नाही.

माझा चष्मा चांगला आहे. ते नाव मला वाचता आलं होतं. पाची ओळींत एकच नाव होतं, gulfasha.

तुम्हाला वाटतं तिचं खातं आहे. नाही. मी पुसलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये, माझ्या हाताने. ते कसं पुसायचं तेही तिनेच मला शिकवलेलं.

तिचं लग्न सरफराजशी झालं होतं, माझ्या थोरल्या बहिणीच्या, शमीमआपाच्या मुलाशी. कापूरहोळला त्याचं गॅरेज आहे. आपाने मला आईच्या मागे वाढवलं, तिच्या पोराबद्दल वाईट ऐकायला माझे कान तयारच नव्हते. गुलफशा एका दुपारी आली, पाचवा महिना होता. म्हणाली, सरफराज मारतो, मी परत जाणार नाही. मी म्हटलं, भांड्याला भांडं लागतंच. आणि म्हटलं, कुठे मारलं, दाखव बघू. तिने ओढणी घट्ट केली. म्हणाली, "दाखवणार नाही. तू आई आहेस, पोलीस नाहीस." पाऊण तास बसली असेल. पाणीसुद्धा प्यायली नाही. पाचच्या एसटीने गेली. मी पाच वाजता मशीनसमोर बसून तिचं खातं काढून टाकलं. आपाला फोन करून सांगितलंही, माझ्यापुरती ती संपली म्हणून.

पुढे तिने तलाक घेतला, मिरजेला नोकरी धरली, मुलगी झाली, एवढं लोकांकडून कळलं. तिने नंबर बदलला. मी विचारायला गेले नाही.

आता खरं सांगते. त्या पाच ओळी पाहिल्या तेव्हा मला वाटलं, ती रोज तिकडे बसून माझं दार वाजवतेय. आणि मला बरं वाटलं, चिमाजीभाऊ. वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. मग तुमचं पत्र आलं, चोर आहेत, दार बंद करा. मी म्हटलं, ठीक, त्यांनीच सांगितलंय. तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवून बार उडवला. चार वर्षं ती वाजवत होती आणि मी सगळं एका ओळीत कोरं केलं. आता रोज ती वही उघडून बघते. काहीच नसतं.

काही करता येईल का?

नुजहत


हिर्डोशी, ८ डिसेंबर

नुजहतभाभी,

तुमच्यावर रागावून एक पत्र लिहिलं आणि चुलीत घातलं. हे दुसरं.

आधी कडू ते सांगतो. दार वाजवणारी गुलफशा नसेल. तिचा मोबाईल असेल. तिने फोनमध्ये सोय करून ठेवली होती, माझ्यासमोरच केली होती, की काढलेला प्रत्येक फोटो आपोआप घरच्या मशीनवर जावा. तुम्ही खातं पुसलंत, पण फोनला कोण सांगणार? तो प्रत्येक फोटो घेऊन येतो, नाकारला जातो, पुन्हा येतो. फोटो साठत गेले तसे हेलपाटे वाढत गेले. म्हणून चौदा जीबी. तिला हे चालू आहे याची कल्पनाही नसेल. खोटी आशा देणं मला जमणार नाही.

आता गोड. खातं पुसलं तरी तिचं सामान तुम्ही पुसलं नसणार. हे बघा:

ls -l /home

तिच्या नावाच्या खणापुढे मालकाचं नाव दिसणार नाही, नुसता आकडा दिसेल, बहुतेक १००२. मशीनला नाव कळत नाही, आकडा कळतो. तोच आकडा देऊन खातं पुन्हा उघडलं की सगळं सामान तिला ओळखेल, तिची किल्लीही आतच असेल.

sudo useradd -M -u 1002 -s /bin/bash gulfasha
sudo systemctl enable --now ssh

आकडा वेगळा असला तर तो घाला. फोन अजून येत असेल तर आत येईल.

तुम्ही एवढं लिहिलंत तर मीही लिहितो. मंगल गेल्या वर्षी आषाढात गेली. पहिल्या पत्रात तुम्ही सलाम सांगा म्हणालात, आणि मला हात थांबवून 'ती नाही' असं लिहवेना. लिहिलं की खरं होतं. म्हणून 'सांगितला' असं लिहीत गेलो. खरं तर सांगतही होतो, मोठ्यानं. आणि एका पत्रात एक कमांड का, तेही तुम्हाला कळलंच असेल.

चिमाजी


भोर, १९ डिसेंबर

चिमाजीभाऊ,

मंगलवहिनींचं वाचून बंडूसमोरच रडले. त्यांच्या हातची नाचणीची भाकरी मुजफ्फर शेवटपर्यंत आठवायचे. तुम्ही दीड वर्ष आम्हा कुणालाही न सांगता कसे राहिलात? आता इथून पुढे खरं तेच लिहा, नाहीतर मी एसटीत बसून येईन.

आकडा १००२च होता. दोन्ही ओळी लिहिल्या आणि बसून राहिले. दुपार गेली. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर टेबलाखालचा दिवा थरथरत होता. फोटो येत होते. तीन दिवस येत होते. सहा हजारांच्या वर.

बहुतेक कामाचे आहेत. गळका नळ, गोळ्यांची पाकिटं, विजेचं बिल, पार्सलवरचा मिरजेचा पत्ता. आणि मध्ये मध्ये मुलगी. पाळण्यात, मग रांगताना, मग दात दाखवताना. कपाळ मुजफ्फरसारखं आहे, अगदी तसंच रुंद. शाळेच्या फॉर्मचाही फोटो आहे. मोठा केला असता तर तिचं नाव वाचता आलं असतं. नाही केला. ते मला चोरून नको.

पण सगळ्यात जुना फोटो पहिला आला. त्यावर मशीनने तारीख-वेळ लिहिलीय. तोच दिवस, पाच वाजून चाळीस मिनिटं. एसटीची खिडकी, तिचा हात, बाही वर केलेली. कोपरापासून खांद्यापर्यंत काळंनिळं. मी दाखव म्हटलं होतं. तिने दाखवलं, चिमाजीभाऊ. मी चाळीस मिनिटं आधी दार लावून घेतलं होतं.

तो फोटो छापून आपाकडे घेऊन गेले. आपाने पाहिला आणि पालथा ठेवला. तिला आधीपासून माहीत होतं. मी फोटो उचलून परत आले.

आता सांगा, गुलफशाला कळवू का? कळवलं तर ती फोनमधली सोय बंद करेल, तिचा हक्कच आहे. मग ही पोरगीही गेली. नाही कळवलं तर रोज सकाळी शटर उघडून नातीला बघता येईल. काल चिखलात बसलेली होती. मला एवढं पुरेल असं वाटतं. मग लाज वाटते.

नुजहत


हिर्डोशी, २१ डिसेंबर

नुजहतभाभी,

कळवा. फोटो गेले तर जातील. मी दीड वर्ष एका माणसाला जिवंत असल्यासारखं वागवलं, त्यात आपलंच मन रमतं, पलीकडं कुणी नसतं. तुमच्या पलीकडं माणूस आहे.

फोनवर नको, पत्रच पाठवा. सफाई देऊ नका, आपाचं नाव काढू नका. चुकलं तेवढं लिहा.

या आठवड्यात कमांड नाही.

चिमाजी


मिरज, ९ जानेवारी २०२५

अम्मी,

पत्र मिळून दहा दिवस झाले. तीनदा लिहायला बसले आणि उठले.

तू लिहिलंस, चिमाजीकाका म्हणाले की फोन दार वाजवतोय हे मला माहीत नसेल. मला माहीत होतं. चार वर्षं फोनवर रोज लाल खूण यायची, 'घराशी संपर्क नाही'. बोटाने सरकवली की बंद होते. मी हॉस्पिटलात दिवसभर तीस मशीनं सांभाळते, ही एक सोय बंद करता आली नसती असं नाही. फोन दोनदा बदलला, दोन्ही वेळा नव्यात पुन्हा घातली. का ते विचारू नकोस. गेल्या महिन्यात ड्युटीवर असताना अचानक खूण हिरवी झाली. मी जिन्यात बसले. बाजूच्या बाईने पाणी आणून दिलं.

तो हाताचा फोटो मी गाडी कापूरहोळच्या थांब्यावर उभी असताना काढला. सरफराजचं गॅरेज समोर दिसत होतं. तुला दाखवणार नाही म्हटलं होतं, पण वाटलं, तू रात्री हिशेब करायला मशीन उघडशील, तेव्हा दिसेल, आणि फोन करशील. मिरजेपर्यंत फोन हातात धरून होते.

तू लिहिलंस चुकलं. मी वाचलं. माफ केलं असं आज लिहिता येत नाही, उगीच लिहिणार नाही. राग आहे. तो तुझ्यावर जेवढा आहे तेवढा सरफराजवरसुद्धा नाही.

सोय चालू ठेवते. फोटो बघत जा. वीस जीबीचा भाग छोटा पडणारच होता, तो मी वाढवून देईन, आणि जुन्या नोंदी फाडायची सोय मीच बंद ठेवली होती, ती तेव्हाची माझी चूक. काकांना सांग.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस येईन. राहणार नाही, संध्याकाळच्या गाडीने परत.

फॉर्मवर नाव असूनही वाचलं नाहीस असं लिहिलंस. मग मीही इथं लिहीत नाही. तू तिलाच विचार. पण पहिल्यांदा विचारशील तेव्हा ती सांगणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. अनोळखी माणसांना नाव सांगायचं नाही, असं मीच तिला शिकवलंय.

गुलफशा